शेवटची गाडी आणि आत्याचा चंद्र

आत्या आमच्याकडे कार्डिफला राहायला आली त्या वर्षी आमचं अख्खं घर चंद्राच्या मागे लागलं. त्याआधी चंद्र कुणाच्या खिजगणतीत नव्हता. बाबा हॉस्पिटलात पेशंटना भूल द्यायचे, आई लायब्ररीत अर्धा दिवस काम करायची, मी शाळेत जायचे आणि आकाश म्हणजे छत्री घ्यायची की नाही ते बघायची जागा, एवढंच. मग बाबांची थोरली बहीण पुण्याहून आली. बिनलग्नाची, मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, उंच, काटक, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या मुलीची डुलकी मोडावी. बाबा तिला ताई म्हणायचे, आई वन्सं म्हणायची आणि मी नुसतं आत्या. एअरपोर्टवर तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आईला म्हणाली, "सुधा, पोरीला उंची आपल्याकडची दिलीस, पण खायला काय देतेस? टोस्ट?"

आमचं घर एका लांबलचक ओळीतलं, दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत. पुढच्या खोलीत गॅसची शेगडी फुरफुरायची, मागे अरुंद स्वयंपाकघर, त्याच्या पलीकडे वीतभर बाग आणि बागेवर दिवसरात्र कलकलणारे समुद्रपक्षी. आत्याने आठवडाभरात ते स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पातीचा कांदा मिळेना म्हणून तिने तिथल्या जाड पातीच्या लीकचा झुणका केला, आणि खरं सांगते, मी नंतर पुण्यात पातीचा झुणका खाल्ला तेव्हा मला तोच नकली वाटला. फोडणीचा वास भिंत ओलांडून शेजारच्या मिसेस प्रॉसरबाईंकडे जायचा आणि त्या कुंपणावरून डोकावून विचारायच्या, "व्हॉट इज शी कुकिंग नाऊ, लव्ह?" दुपारी टेबल पुसून आत्या माझ्यापुढे ॲटलास उघडायची आणि मराठीतून भूगोल सांगायची. माझं मराठी तेव्हा म्हणजे आनंदच होता. 'तो नदी', 'माझी डोकं' असलं काहीतरी मी बोलायचे. ती हसायची नाही, फक्त तेच वाक्य नीट करून परत म्हणायची आणि पुढे जायची. आज मी हे जे काही लिहिते आहे ते त्या टेबलाचं देणं आहे. नकाशात आल्प्स आले की तिचं बोट जरा रेंगाळायचं. "वली पर्वत," ती म्हणायची. "म्हणजे जमिनीला पडलेल्या घड्या. जन्मभर फळ्यावर काढल्या मी त्या. बघितल्या मात्र नाहीत."

आणि दर महिन्याला यायची संकष्टी. दिवसभर उपास, संध्याकाळी गणपतीची पूजा आणि चंद्र उगवला की मग जेवण, हे आईही करायची, पण आईचा चंद्र कॅलेंडरात उगवायचा. भारतातून पोस्टाने आलेलं कॅलेंडर फ्रिजशेजारी टांगलेलं असे, त्यात चंद्रोदयाची वेळ छापलेली असे, ती झाली की आई खुशाल पान वाढून घ्यायची. आत्याला हे मुळीच मंजूर नव्हतं. "कागदावरचा चंद्र मला चालत नाही. डोळ्यांना दिसला पाहिजे." आता कार्डिफच्या आभाळात चंद्र दिसणं म्हणजे लग्नघरात रिकामी खुर्ची मिळण्यासारखं. पहिल्या संकष्टीला ढग. दुसऱ्या संकष्टीला ढग आणि पाऊस. आत्या मागच्या दारात उभी राहायची, आणि चंद्र दिसलाच नाही तर तशीच पाणी पिऊन झोपायची आणि सकाळी पूजा झाल्यावरच काहीतरी तोंडात टाकायची. आईचा जीव अर्धा व्हायचा. एकदा तिने लंडनजवळ हॅरोला तिच्या मैत्रिणीला, सुलूमावशीला, फोन लावला. तिकडे आभाळ मोकळं होतं. आईने रिसीव्हरवर हात ठेवून आनंदाने सांगितलं, "वन्सं, सुलूला दिसला! अगदी लख्ख!"

"तिला म्हणावं जेव," आत्या म्हणाली. "हॅरोचा चंद्र माझ्या काय कामाचा?"

हळूहळू गल्लीलाही ही गोष्ट कळली. मिसेस प्रॉसरबाई मागच्या बागेत कपडे काढायला आल्या की मान वर करून बघायच्या आणि ओरडायच्या, "नो मून, लव्ह, सॉरी!" जणू त्यांनीच तो कुठे ठेवून हरवला होता. तिसऱ्या संकष्टीला बाबांनी आम्हा सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि पेनार्थच्या समुद्रकाठी नेलं. ढगाला एखादं भोक सापडेल म्हणून ते किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी चालवत होते आणि पुटपुटत होते, "शिकलीसवरलेली बाई. पृथ्वी का फिरते ते शिकवते. आणि हे!" भोक काही सापडलं नाही. सापडली ती चिप्सची गाडी, आणि तिचा वास असा सुटला होता की उपास नसलेल्या मलाच रडू यायची पाळी आली. आत्या मागच्या सीटवर ताठ बसून समुद्राकडे बघत होती आणि आम्हाला भरती-ओहोटी समजावून सांगत होती.

सप्टेंबरातल्या संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती जिन्यात चक्कर येऊन पडली. लागलं फारसं नाही, पण बाबा भडकले. ते तसे शांत माणूस, आवाज चढवून बोलणं त्यांच्या धंद्यात बसत नाही. त्या दिवशी तिला सोफ्यावर आडवं करून, तिचं ब्लडप्रेशर बघून ते म्हणाले, "ताई, बास झालं. या वयात, या गोळ्यांवर, दीड दिवस उपाशी? मी डॉक्टर आहे का कोण आहे?" आत्या छताकडे बघत राहिली. शेवटी तह झाला. पुढच्या संकष्टीला संध्याकाळी चंद्र दिसला तर उत्तम. नाही दिसला तर आत्याने गोळी घेऊन सरळ जेवायचं, आणि हे व्रत तिथेच संपलं, कायमचं. आत्याने मान हलवली. तिने शब्द दिला म्हणजे दिला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर महिनाभर ती फार बोलली नाही. झुणकासुद्धा अळणी व्हायला लागला.

बाबांना ते टोचलं असणार. एका संध्याकाळी ते हॉस्पिटलातून आले आणि कोट न काढताच म्हणाले, "हाफ टर्मच्या सुट्टीत आपण आल्प्सला जातोय. ताईला वली पर्वत दाखवू." आत्या मेथी निवडत होती. तिचे हात थांबले आणि ती एकदम लहान मुलीसारखी म्हणाली, "खरंच रे, विनू?" जायचं अर्थात ट्रेनने. बाबांचे वडील, अण्णा, घाटाखालच्या एका छोट्या स्टेशनात स्टेशनमास्तर होते. बाबा आणि आत्या वाढले ते स्टेशनाच्या क्वार्टरमध्ये, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे आमच्या घरात गाडी म्हणजे देव आणि वेळापत्रक म्हणजे पोथी. बाबांनी आयुष्यात गाडी चुकवली नव्हती. गाडीच्या इतकं आधी ते आम्हाला प्लॅटफॉर्मवर नेऊन उभं करायचे की आधीच्या गाडीची माणसं आम्हाला हात करून निघून जायची. रिगी नावाचा डोंगर त्यांनी निवडला तोसुद्धा गाडीसाठीच. युरोपातली पहिली डोंगर चढणारी रेल्वे तिथली, शंभर वर्षांहून जुनी, आणि तिचं इंजिन घाटातल्या बँकर इंजिनासारखं गाडीला मागून ढकलत वर नेतं, हे त्यांनी आम्हाला डोव्हरपासून बाझलपर्यंत निदान चारदा सांगितलं.

पोचलो तर काय, धुकं! तळ्याकाठी एका बाईच्या घरात वरच्या दोन खोल्या आणि छोटं स्वयंपाकघर आम्हाला मिळालं होतं. खिडकी उघडली की कुंपण दिसायचं, त्यापुढे सगळा दुधाचा फेस. तळं नाही, डोंगर नाही, पर्वत तर नाहीच. बोटी भोंगा वाजवत चाचपडत जायच्या. दोन दिवस आम्ही खिडकीशी बसून काढले. आत्याने तक्रार केली नाही. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी पहाटे मात्र मी उठले तर आई आणि आत्या स्वयंपाकघरात उकड काढत होत्या. कार्डिफहून आणलेली तांदळाची पिठी, डेसिकेटेड खोबरं, गूळ, आणि मोदकपात्र म्हणून त्या बाईचं भलंमोठं सूपाचं भांडं आणि त्यावर चाळणी. बाबा दाढीचा साबण तोंडाला लावून दारात आले.

"हे काय? मोदक?"

"आज संकष्टी आहे," आई हळूच म्हणाली. "तुम्ही तारखा ठरवताना कॅलेंडर बघितलं नव्हतंत?"

बाबांनी गाड्यांची वेळापत्रकं बघितली होती, बोटींची बघितली होती, फ्रिजशेजारचं कॅलेंडर तेवढं राहिलं होतं. ते म्हणाले, "अगं, मग या धुक्यात..." आत्या मोदकाची पाकळी चिमटीत धरून म्हणाली, "या धुक्यात चंद्र दिसायचा नाही. शब्द दिलाय तो मी पाळीन. संध्याकाळी जेवीन, उद्यापासून सोडीन. आता तोंड धू, साबण वाळतोय." मोदक वाफवून झाले, त्यातले तीन फुटले. बाकीचे आईने बिस्किटांच्या डब्यात भरले.

घरमालकीण मात्र हातवारे करून सांगत होती, वर जा, वर! म्हणून आम्ही बोटीने पलीकडच्या काठाला गेलो आणि त्या गाडीत बसलो. लाल रंगाचा जुना डबा, लाकडी बाकं, पितळी कड्या, आणि दोन रुळांच्या मधोमध दातांचा तिसरा रूळ. गाडी निघाली आणि खालून कट्‍कट्‍कट्‍ असा आवाज सुरू झाला, कुणी सुपारी कातरत बसल्यासारखा. बाबा खिडकीतून अर्धे बाहेर. बाहेर काही नव्हतं, पांढऱ्यात एखादं झाड यायचं आणि तिरकं होऊन निघून जायचं. चढ असा की समोरच्या बाकावरची आई माझ्या अंगावर येते की काय वाटायचं. मग प्रकाश बदलला. आधी पिवळसर, मग एकदम डोळे दिपले आणि आम्ही बाहेर होतो, निळ्याभोर आभाळाखाली! डब्यातली सगळी माणसं एका सुरात "आह्ह" म्हणाली. खाली धुक्याचा समुद्र, सपाट, पांढरा, क्षितिजापर्यंत, आणि त्यातून वर आलेली डोंगरांची बेटं. आणि समोर, टोकापासून टोकापर्यंत, बर्फाचे ते पर्वत. मी नंतर पुष्कळ देश बघितले. असं काही पुन्हा बघितलं नाही, आणि पुन्हा बघायला मिळेल अशी आशाही करत नाही.

माथ्यावर उतरल्यावर आत्या सरळ कठड्यापाशी गेली. आईचा ओव्हरकोट, त्याखाली साडी, पायात माझे लोकरीचे मोजे आणि कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर. मला वाटलं, आता नावं सांगेल, उंची सांगेल, वली पर्वत म्हणेल. तिने नुसते हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मीने, फळा फार लहान होता गं." तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती.

दुपार अशीच गेली. आम्ही ब्रेड आणि चीज खाल्लं, आत्याने खारे दाणेसुद्धा नको म्हटलं. ऊन कलायला लागलं तसा माझ्या मनात एक हिशोब जुळत गेला. खाली धुकं, पण इथे आभाळ स्वच्छ. इथे थांबलं तर चंद्र दिसणार! मी तसं बाबांना म्हटलंसुद्धा. बाबांनी घड्याळ बघितलं. "कॅलेंडरात आठनंतरचा चंद्रोदय आहे."

"ती मुंबईची वेळ," आत्या म्हणाली. "इथली कोणाला ठाऊक?"

"तेच ना. आणि शेवटची गाडी त्याच्या कितीतरी आधी. शेवटची गाडी म्हणजे शेवटची गाडी, ताई. सामान खाली, कपडे खाली, तुझ्या गोळ्यासुद्धा खाली. ठरलंय तसं करू."

"मी कुठे काय म्हणतेय?" आत्या म्हणाली आणि एका बाकावर जाऊन बसली. सगळे लोक पर्वतांकडे बघत होते, बर्फ गुलाबी व्हायला लागलं होतं, कॅमेरे चालले होते. आत्या एकटी आल्प्सकडे पाठ करून पूर्वेला तोंड करून बसली होती. जन्मभर जे बघायचं होतं ते पाठीमागे, आणि हिचं लक्ष रिकाम्या आभाळाकडे. मला ते बघवेना. मी शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "आत्या, पण व्हाय? कोणासाठी करतेस तू हे?"

"तुझ्या बापासाठी. दुसऱ्या कोणासाठी?" ती इतक्या सहज म्हणाली की मला आधी कळलंच नाही. "हा एवढासा होता. विषमज्वर झाला. आमची आई आधीच गेलेली. अण्णा ड्यूटीवर, घाटात गाड्या अडकलेल्या, त्यांना जागा सोडता येईना. डॉक्टर म्हणाले, आता आपल्या हातात काही नाही. मी तुझ्याहून थोडी मोठी असेन. गणपतीला म्हटलं, याला उठून बसू दे. संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय मी घास घेणार नाही."

"फॉर हाउ लाँग?"

"तेच तर!" आत्याने कपाळावर हात मारला. "मुदत घालायची राहूनच गेली. घाई होती ना गं. हा उठून बसला, भात मागायला लागला. मग परत जाऊन देवाला काय विचारू, किती वर्षं धरू म्हणून? बोलले ते बोलले."

माझ्या मागे बूट वाजले. बाबा आम्हाला बोलवायला आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना आजार आठवत होता, उठून मागितलेला भातसुद्धा आठवत होता. नवस कुणी सांगितलाच नव्हता. तेवढ्यात खालच्या फलाटावर घंटा झाली. गार्ड आमच्याकडे बघून हात हलवायला लागला. आई मोदकांचा डबा छातीशी धरून गाडीच्या पायरीवरून ओरडत होती, "अहो, गाडी! चला ना!"

बाबा जागचे हलले नाहीत. गार्डने शिट्टी फुंकली, मग घड्याळ दाखवलं, मग बोटाने खूण केली, ही शेवटची. बाबांनी त्याला हात वर करून दाखवला, जा. आई भांबावून उतरली. लाल डबा हलला, दात्यांचा तो कट्‍कट्‍ आवाज सुरू झाला, आणि गाडी उताराने जात जात धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. आवाज तेवढा बराच वेळ येत राहिला.

"अहो, जाऊ दिलीत?" आई म्हणाली. "तुम्ही?"

आत्या ताडकन उठली. "अरे, वेडा की खुळा तू? स्टेशनमास्तरचा मुलगा ना? डोळ्यांदेखत गाडी सोडलीस?"

"सोडली," बाबा म्हणाले आणि तिच्या जागेवर बसले, पूर्वेला तोंड करून.

माथ्यावर एक जुनं हॉटेल होतं, तिथे खोली मिळाली. पण आत जायला कोणी तयार नव्हतं. थंडी अशी की माझे दात वाजत होते. सूर्य गेला, बर्फावरचा रंग विझला, चांदण्या आल्या. कॅलेंडरातले आठ वाजायच्या पुष्कळ आधी पूर्वेकडच्या धुक्याची कड उजळली. आधी तांबूस, मग केशरी, आणि मग तो आला, एका बाजूने जरासा झिजलेला, पण केवढा मोठा! धुक्याच्या समुद्रावर त्याच्यापासून आमच्यापर्यंत उजेडाचा पट्टा पडला. आत्याने पर्समधून सुपारी काढून गणपती म्हणून बाकावर मांडली, फुलं नव्हती म्हणून गवताची काडी वाहिली, थर्मासमधलं पाणी ओंजळीत घेऊन चंद्राला अर्घ्य दिलं आणि खालच्या आवाजात आरती म्हटली. हॉटेलातली दोन-तीन माणसं बाहेर आली होती, तीही टोप्या काढून उभी राहिली. मग आत्याने डबा उघडला, नैवेद्य दाखवला, आणि पहिला मोदक बाबांच्या हातावर ठेवला.

बाबांनी तो खाल्ला नाही. ते म्हणाले, "ताई, मी उठून बसलोय. कधीचाच. सोड आता."

"बसलायस," आत्या म्हणाली, "गाडी चुकवून."

आई हसली, मग मी हसले, मग बाबा हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. आत्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बाबा नाक पुसून म्हणाले, "ठीक आहे. सोडू नकोस. पण वाटून घे. उपास मी करतो. तू वेळेवर गोळी घ्यायची, वेळेवर जेवायचं."

"आणि चंद्र? तुमच्याकडे ढगच. तुला जन्मात दिसायचा नाही."

"चंद्र तू पुण्यातून बघ. बघायचं काम तुझं, उपाशी राहायचं माझं."

आत्याने विचार केला. तिचा चेहरा एखाद्या मुलीचा अवघड पेपर तपासावा तसा झाला होता. शेवटी ती म्हणाली, "चालेल. गणपतीला मी समजावीन." मग तिने आपला मोदक मोडला. आणि तेव्हा कुठे ती मागे वळली. चांदण्यात ते सगळे पर्वत निळे, शांत उभे होते, आणि ती उभ्या उभ्या मोदक खात त्यांच्याकडे बघत राहिली.

दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे ती पुण्याला परत गेली. त्यानंतर दर संकष्टीला बाबा हॉस्पिटलात सकाळपासून उपाशी असायचे आणि ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सेस सँडविच खा म्हणून त्यांच्या मागे लागायच्या. पुण्यात चंद्र उगवायचा तेव्हा आमच्याकडे दुपार असायची. बाबा जमेल तसे घरी यायचे, कोट न काढता हॉलमधल्या फोनपाशी उभे राहायचे आणि नंबर फिरवायचे. बाहेर बहुतेक पाऊस असायचा. आई ताट वाढून स्वयंपाकघराच्या दारात थांबलेली असायची. लाइन खरखरायची, आणि मग तो आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, मला जिन्यात बसूनसुद्धा स्वच्छ ऐकू यायचा.

"ताई, दिसला का?"

"दिसला रे. जेव आता."